विझवण्याची तालीम

१२ मार्च. काम: वीस किलो मिरचीचे देठ खुडणे.

उदगीरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी मिरची-मसाल्याचं कांडप चालवते. मार्च हा आमचा हंगाम. त्या दिवशी सकाळी साडेसातला गच्चीवर जुनी चादर अंथरून मी मिरचीच्या ढिगासमोर बसले होते, तेवढ्यात शेजारच्या अंगणातून आवाज आला, "आग."

ओरडल्यासारखा नाही. हजेरी घेताना मास्तर नाव पुकारतात, तसा. मी उठून कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली बसलिंगप्पा उभे होते. वय अडुसष्ट, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायात चामड्याचे बूट, डोळ्यांवर वेल्डिंगच्या दुकानातला पांढरा चष्मा. समोर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेली लोहारकामाची भट्टी. भट्टीत विस्तव नव्हता. कोळसासुद्धा नव्हता. अप्पांनी वाळूची बादली उचलली, सहा पावलं चालले, रिकाम्या जागेवर वाळू ओतली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "इझली. अकरा सेकंद." मग केरसुणीनं वाळू गोळा केली, चाळली, बादलीत भरली, बादली जागेवर ठेवली आणि पुन्हा म्हणाले, "आग."

हे पाच वेळा झालं. न लागलेली आग विझवणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. हातातली मिरची हातातच राहिली.

"अप्पा, हे काय चाललंय?"

"तालीम," अप्पा वर न पाहता म्हणाले. "आधी इझवायचं, मग पेटवायचं, सुमनबाई."

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे. अप्पा इथल्या एका तेलगिरणीत पस्तीस वर्षं बॉयलरवर होते. गिरणीच्या फाटकाशी एक काळा फळा असायचा. त्यावर लिहिलेलं, 'अपघात न होता गेलेले दिवस', आणि पुढे खडूनं आकडा. आकडा रोज अप्पाच लिहायचे. निवृत्त झाले तेव्हा मालकांनी शाल आणि नारळ आणला, तर हे म्हणाले, शाल ऱ्हाऊ द्या, फळा द्या. तो फळा आता त्यांच्या दाराशेजारी आहे. सकाळी आंघोळ, मग लिंगपूजा, मग फळ्यावर नवा आकडा आणि त्यानंतर चहा. आकडा चांगला चार आकडी झाला होता. गेल्या पावसाळ्यात कधीतरी तो एकदम लहान दिसायला लागला. मला वाटलं, पावसानं पुसला गेला असेल आणि अप्पांनी हट्टानं पहिल्यापासून मांडला असेल. १२ मार्चला फळ्यावर दोनशे अडतीस होतं.

अशा माणसाबरोबर नीलाक्कांनी बेचाळीस वर्षं काढली. अक्कांना गॅस पेटवायच्या आधी मोठ्यानं म्हणावं लागायचं, "खिडकी उघडी, पदर खोचलेला, नळी ठीक." फोडणीच्या वेळी अप्पा स्वयंपाकघराच्या दारात ओलं गोणपाट घेऊन उभे. उदबत्ती लावायची ती वाळूच्या वाटीत, आणि ती संपेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. अक्का मला म्हणायच्या, "ह्या मानसासंगं संसार म्हंजे गिरणीतली नौकरी हाय बघ सुमन. तितं निदान ऐतवारी सुट्टी असती."

गेल्या जुलैत अक्का लातूरला लेकीकडे गेल्या. नातवाचे क्लास सुरू झाले होते. उदगीरच्या निम्म्या आज्या अशाच कुणाच्या तरी क्लासपायी लातूरला जाऊन डबे करतात, त्यामुळे गल्लीत कुणी काही विचारलं नाही. मीच त्यांना स्कूटीवरून स्टँडवर सोडलं होतं. डाव्या अंगठ्याला मोठी पट्टी होती. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, दारात सापडला. मी म्हटलं, हळद लावा. विषय संपला.

आणि दिवाळीनंतर अप्पांनी अंगणात भट्टी बांधायला घेतली.

ज्या माणसाचा उदबत्तीवर विश्वास नाही, त्याला लोहाराची भट्टी कशाला हवी, हे मला कळेना. विचारलं तर उत्तर एकच, "इंतजाम करून राहिलो." मिरचीच्या धंद्यात घाबरटांचं काम नसतं, मी घाबरट नाही. पण म्हातारा, एकटा माणूस आणि भिंतीला भिंत लागलेला विस्तव म्हटल्यावर मीसुद्धा रात्री उठून त्यांच्या अंगणाकडे नजर टाकू लागले.

तशी गरज नव्हती. चार महिने अप्पांनी भट्टीत काडीसुद्धा ओढली नाही. नुसता इंतजाम चालला होता.

भंगारवाल्याकडून ट्रकच्या चाकाचा जुना लोखंडी ड्रम आणला. त्याच्या आत विस्तव ठेवायचा, म्हणून माती लिंपायची. ही माती चाळून, राख मिसळून, मळून सावलीत वाळत ठेवली. आठ दिवसांनी एक केसाएवढी भेग दिसली, तर सगळी उकरून काढली आणि पुन्हा लिंपली. मी म्हटलं, "नदीतले गोटे रचा की भोवती, छान दिसतील." अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बॉयलरची झडप बांधून ठेवायला सांगितली. "गोट्याच्या पोटात पानी असतंय, सुमनबाई. तापला की फुटतोय. मग डोळा तुमचा का माझा, ते इचारत न्हाई."

हवेच्या नळीसाठी माझ्याकडे पाण्याचा जुना पाइप पडून होता. मोठ्या मनानं द्यायला गेले, तर तो त्यांनी दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसा धरून परत केला. त्यावर जस्ताचा मुलामा असतो म्हणे, आणि तापल्यावर त्याचा धूर छातीत बसतो. मग काळा, बिनमुलाम्याचा पाइप शोधायला ते बसनं देगलूरपर्यंत जाऊन आले. त्याला हातानं फिरवायचा पंखा जोडला. ऐरण म्हणून ट्रकच्या दांड्याचा जाड तुकडा बाभळीच्या ओंडक्यात ठोकला. भट्टी लिंबाच्या झाडापासून मोजून चौदा पावलांवर, पत्र्याच्या छपराबाहेर. छपराखाली धूर कोंडतो आणि माणूस गुंगून पडतो, असं ते म्हणाले. ते मलाच नाही, दूधवाल्यालाही थांबवून सांगायचे. दूधवाला आमच्या दारावर येईपर्यंत दूध कोमट झालेलं असायचं.

फेब्रुवारीत एकदा ते काडेपेटी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. त्यांच्या हातात चार बोटं रुंद असा निळ्या कापडाचा तुकडा होता. त्यांनी तो चिमट्यात धरला आणि माझ्यासमोर पेटवला. कापड जळलं नाही, वितळलं. काळे थेंब टपटप खाली पडले.

"बघा. ही तुमची साडी. अंगाला चिकटली तर कातड्यासंगं निघती."

"माझी साडी?"

"दोरीवर होती. पदराच्या आतल्या टोकाचा घेतला तुकडा. बाहेरनं दिसत न्हाई."

ती साडी माझ्या भाचीच्या लग्नातली होती. मी इतकी सुन्न झाले की भांडायचं राहून गेलं. दार लावून घेतल्यावर सगळी वाक्यं सुचली. संध्याकाळी ते एक सुती, नऊवारी लांबीचं पातळ घेऊन आले, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "अंगणात येताना हे." मी कशाला येते त्यांच्या अंगणात, असं मनात म्हणून ते कपाटात टाकून दिलं.

काम शिकायला अप्पा घिसाड्यांकडे गेले होते. सुगी झाली की घिसाड्यांची दोन-तीन बिऱ्हाडं गावाबाहेर रस्त्याकडेला उतरतात, विळे-कोयते करून देतात. त्यांच्यात नवरा सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो आणि छोट्या हातोड्यानं दाखवतो, बाई समोर उभी राहून घण घालते. अप्पा तीन दिवस वही घेऊन त्यांच्या पालापाशी बसले. शिकायला गेले आणि शिकवायला लागले. अनवाणी ऐरणीशी उभं राहू नये, डोळ्यांना काच हवी, वगैरे. शेवटी घणवाली बाई घण टेकवून म्हणाली, "बाबा, तुमी बोलता तवाच माजा घण चुकतोय. हितला धोका म्हंजे तुमीच हाव." हे अप्पांनीच मला सांगितलं, आणि वहीत लिहून घेतलं होतं तेही दाखवलं. 'घण चालू असता बोलू नये.' खाली दुसरी ओळ होती, 'एकट्याचे काम नाही.'

त्या दुसऱ्या ओळीपायी ते १२ मार्चला तालमीनंतर आमच्या गच्चीवर आले. आधी त्यांनी कठड्याच्या गजाला कापडाची चिंधी बांधली. वारा कुठला आहे ते पाहिलं. "मिरची आत घ्या. ठिनगी ह्याच्यावर पडली तर गल्ली खाली करावी लागंल." हे मात्र खरं होतं. मी वीस किलो मिरची आत ओढली.

"आता ते सुती पातळ नेसा, अन् खाली या."

"कशाला?"

"घण घालाय."

मला वाटलं, चेष्टा आहे. पण अप्पा चेष्टा करत नाहीत.

"अप्पा, मी पन्नाशीची बाई. मिरची कांडते. गल्लीत एवढे बाप्ये आहेत."

"बाप्ये ऐकत न्हाईत. पयल्याच घावाला जोर दाखवतेत. तुमी वीस वर्सं यंत्रापाशी बसून ऱ्हायलाव, एक बोट कमी न्हाई. म्या बघितलंय."

अप्पांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. कुणाच्याच बाबतीत ऐकलेली नाही. मी पातळ नेसले.

पहिल्या दिवशी त्यांनी खरंच काडी ओढली. कोळसा धरला, पंखा फिरवला, आणि भट्टीच्या पोटात आधी लाल, मग केशरी झालं. अप्पांनी वाळूची बादली आणखी जवळ ओढून घेतली. पस्तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस पसाभर विस्तवाला बिचकत होता, आणि ते पाहून मला भट्टीपेक्षा त्यांचीच भीती वाटली. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालच्या जुन्या कमानीची पट्टी विस्तवात सरकवली. ती लाल झाल्यावर सांडशीनं ऐरणीवर धरली आणि छोट्या हातोड्यानं एका जागी टक् केलं. मी तिथे घण घातला. पुन्हा टक्, पुन्हा घण. रिकाम्या ऐरणीवर टक् वाजलं की थांबायचं. बोलायचं नाही. ज्या माणसानं माझ्या दूधवाल्यालाही सोडलं नाही, तो दोन तास एक अक्षर बोलला नाही.

फक्त एकदा माझा हात पट्टीकडे गेला, तेव्हा म्हणाले, "न्हाई. लोखंड काळं दिसतंय तवाच लई डसतंय. लाल असलं की मानूस भितंय तरी."

चार दिवस रोज सकाळी आम्ही ते केलं. गल्लीतल्या बायका गच्च्यांवर उभ्या राहून पाहायच्या. माझ्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "किती दिवस?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय बनतंय?" आणि तिसऱ्या दिवसापासून स्वतःचा डबा स्वतः भरून दुकानात जायला लागला. पट्टी लांबली, पातळ झाली, मग वाकली. चौथ्या दिवशी मला कळलं की ही विळी आहे. स्वयंपाकघरातली, पाटावर बसवायची, पायाखाली दाबून भाजी चिरायची विळी. बाजारात कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते ती. तिच्यासाठी चार महिने इंतजाम, देगलूरचा पाइप, माझी साडी आणि माझे खांदे. मी घण खाली ठेवला आणि घरी आले. थांबले असते तर वाईट बोलले असते.

पाचव्या दिवशी तरीही गेले. पातं तापवून झाकणाच्या डब्यातल्या तेलात बुडवून झालं होतं, पुन्हा मंद शेकून झालं होतं. अप्पा ओट्यावर बसून कानशीनं धार काढत होते. मी चाळीस वर्षं भाजी चिरते आहे. एका नजरेत कळलं.

"अप्पा, धार उलट्या अंगानं काढताय."

कानस थांबली नाही. "उलटीच पायजे."

"उलटी कुणाला लागते?"

"डावखुऱ्याला."

मग कानस ठेवून त्यांनी सांगितलं, फळ्यावरचा आकडा सांगावा तसं, सपाट.

नीलाक्का जेवायच्या उजव्या हातानं, लिहायच्या उजव्या हातानं, हळदीकुंकू उजव्या हातानं. लहानपणी मारून मारून सगळं उजव्यावर आणलं होतं. चिरायचं तेवढं डाव्यावर राहिलं. म्हणून लग्नात आईनं घिसाड्याकडून मुद्दाम उलट्या धारेची विळी करून दिली, बाकी कुणाला न सांगता. गेल्या जुलैत अप्पांनी घरातल्या हत्यारांची तपासणी केली. विळीचा पाट हलत होता आणि धार चुकीच्या बाजूला होती. विळी नापास. अक्का बाजारात गेलेल्या असताना त्यांनी ती भंगारवाल्याला दिली आणि नवी, घट्ट पाटाची, चांगली विळी आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या चांगल्या विळीवर दोडका चिरताना अक्कांचा डावा अंगठा हाडापर्यंत कापला.

"बेचाळीस वर्सं माझ्यापुढं बसून भाजी चिरली तिनं," अप्पा म्हणाले. "म्या पाट बघितला, नळी बघितली, पदर बघितला. हात कोनता, ते बघितलंच न्हाई."

मी दाराशेजारच्या फळ्याकडे पाहिलं. दोनशे बेचाळीस. मागे मोजत गेले तर जुलैच्या मध्यावर पोचले. तो पाऊस नव्हता.

"घिसाड्यानं करून दिली असती की अप्पा, एका दुपारी."

"दिली असती. पन घालवली म्या, तर करायची बी म्याच."

"अक्का काय म्हणाल्या होत्या?"

"काय न्हाई. पट्टी बांधली अन् म्हनली, लेकीकडं जाते. तेच लई झालं."

त्या दिवशी दुपारी त्यांनी पातं पाटात बसवलं. मी म्हटलं, झालं की, उद्या लातूर. तर अप्पांनी पाट हलवून पाहिला. किंचित हलत होता. त्यांनी खडूनं पाटावर लिहिलं, 'तपासणी बाकी', आणि विळी कोनाड्यात ठेवली. पाट बदलतो म्हणाले, मग पातं दोन सूत जास्त वाकलंय म्हणाले, मग म्हणाले नवीनच करू. तेव्हा मला खरं काय ते दिसलं. विळी कधीच पास होणार नव्हती. पास झाली की ती घेऊन लेकीच्या दारात उभं राहावं लागणार होतं, आणि त्याची तालीम अप्पांना कुठे करता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी त्यांच्या घरात शिरले. अप्पा पूजेला बसले होते. डाव्या तळहातावर लिंग, नजर त्यावर. पूजेत ते बोलत नाहीत आणि उठत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी कोनाड्यातली विळी उचलली. अप्पांनी माझ्याकडे पाहून जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. मी तिला गोणपाटात गुंडाळली. त्यांनी उजव्या हातानं टोकाकडे बोट दाखवलं. मी पाहिलं, टोक गोणपाटातून बाहेर आलं होतं. टोपलीतला बटाटा घेऊन टोकाला खोचला. तेव्हा कुठे त्यांनी मान खाली घातली.

सातची लातूर गाडी मिळाली. कंडक्टरनं विचारलं, गोणपाटात काय. मी म्हटलं, बटाटे.

दार अक्कांनीच उघडलं. मी काही प्रस्तावना केली नाही. विळी जमिनीवर ठेवली, बटाटा काढला. अक्का उभ्या राहून पाहत राहिल्या. मग वाकून पात्यावरून आडवं बोट फिरवलं, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं.

"कुनी केली?"

"अप्पांनी."

"इस्तवापाशी बसून?" अक्कांना ते पटेना. "त्यो मानूस निरांजनाला भितोय."

"पाच दिवस. घण मी घातला."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. फोड खोटे नव्हते. मग त्या खाली बसल्या, उजवा पाय पाटावर ठेवला आणि तोच बटाटा डाव्या हातात घेतला. दोन फोडी पडल्यावर म्हणाल्या, "पाट हलतोय."

"हलतो. म्हणून नापास केलीय त्यांनी."

"आईची बी हलायची." आणखी एक फोड. "पोराची परीक्षा हाय शनवारपतोर. मग बघते."

मी फोन काढून अप्पांना लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांनी उचलल्याबरोबर तो विळीशेजारी जमिनीवर ठेवला. अक्कांनी तो पाहिला. त्यांनी सुपातली गवार पुढे ओढली आणि चिरत राहिल्या. एवढा एकच आवाज होता, चर्, चर्.

गवार निम्मी झाल्यावर फोनमधून अप्पा म्हणाले, "सुमनबाई, हात कोनता?"

"डावा," मी म्हटलं.